अप्पांच्या गाडीचे डोळे

अप्पांनी घरी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडली, असं माझ्या पाहण्यात नाही. मुळात ती दुरुस्तच झालेली नसायची, त्यामुळे पुन्हा बिघडण्याचा प्रश्नच येत नसे. त्यांच्या घरातला मिक्सर झाकणावर वरवंटा ठेवल्याशिवाय चालत नव्हता. पंख्याला सुरुवातीला काठीने ढकलावं लागे. न्हाणीतल्या नळाला तोटीच नव्हती. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता आणि त्याला सुतळीची गाठ. पाणी हवं असेल तर गाठ सोडायची, नको असेल तर मारायची, आणि मारली तरी पाणी यायचंच. अप्पांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या अक्का, हे सगळं चालवून घेत. "या घरात एकच वस्तू धड हाय, ती म्हंजे मी," असं त्या म्हणायच्या. "यांनी मला अजून खोलून बघितलं न्हाई म्हनून."

लातूरच्या मोंढ्यात अप्पांची धान्याची आडत होती. सगळं आयुष्य तूर आणि सोयाबीनच्या पोत्यांत गेलेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांच्याकडे दोनच अवजारं होती, पोती शिवायचं दाभण आणि सुतळी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात दाभण, अशा थाटात ते गल्लीतून निघाले की लोक आपापल्या बिघडलेल्या वस्तू आत नेऊन ठेवायचे. मिस्त्री, मेकॅनिक, वायरमन यातल्या कुणाचंही नाव काढलं की त्यांचं तोंड आंबट व्हायचं.

"मिस्त्री काय करतो मास्तर? एक बिघाड काढतो आन् दुसरा घालून जातो. मंग तो दुसरा आपनच का घालू नये? घरीच होतंय की!"

हे "घरीच होतंय की" इतक्या वेळा कानावर पडायचं, की वरच्या मजल्यांवरची पोरंही परीक्षेचा पेपर अवघड गेला की एकमेकांना तेच ऐकवायला लागली होती.

वरच्या मजल्यांवर पोरं होती, कारण त्या वर्षांत लातुरात ज्याच्याकडे चार भिंती होत्या, त्याने त्यांत पोरं ठेवली होती. किनवट, नायगाव, देगलूर, कुठून कुठून आईबाप आपलं लेकरू घेऊन यायचे आणि डॉक्टर करून परत द्या, अशा बोलीवर इथे ठेवून जायचे. अप्पांनी काळाची पावलं ओळखून तीन मजले चढवले आणि दारावर 'कॉट बेसिस'ची पाटी लावली. तळमजल्यावर एक खोली माझी होती. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणजे लातूरच्या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे काहीच शिकवत नव्हतो. पोरं मला जिन्यात आदराने वाट द्यायची आणि फिजिक्सच्या सरांच्या पाया पडायला पळायची.

एवढी तीन मजली स्लॅबची इमारत बांधून अप्पा स्वतः मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. शेडच्या एका बाजूला त्यांची खाट आणि दुसऱ्या बाजूला जुनी पांढरी मारुती. नव्याने आलेले पालक हे बघून जरा चपापायचे. मीही एकदा खवचटपणे विचारलं, "अप्पा, स्लॅब मजबूत आहे ना?"

"लई मजबूत! लोखंड डबल टाकलंय."

"मग तुम्ही पत्र्याखाली का?"

"मला वारं लागतंय हितं."

वैशाखात लातूरच्या पत्र्याखाली जे वारं लागतं, त्यावर भाकरी भाजता येते. खरं कारण मला नंतर गल्लीतून कळलं. अप्पा मूळचे किल्लारीकडच्या एका खेड्यातले. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी गणपती बुडवून आल्यावर ते उकडतंय म्हणून अंगणात पडले, आणि थोरले भाऊ आत माळवदाखाली झोपले. पहाटे ते मातीचं जाडजूड छत खाली आलं. भाऊ हाती लागले तेव्हा उन्हं वर आली होती. त्यानंतर बरेच महिने सगळा जिल्हाच अंगणात झोपायचा. हळूहळू लोक धीर करून आत गेले, अप्पा बाहेरच राहिले. पाठ टेकायची ती पत्र्याखाली नाहीतर आभाळाखाली, यात कधी बदल झाला नाही. अप्पांच्या बाकी सगळ्या गोष्टींवर मी हसत आलो, पण हे कळल्यावर या एका गोष्टीवर मला कधी हसू आलं नाही.

अडचण एवढीच होती, की त्यांची एकुलती एक मुलगी शोभा नांदेडला दिलेली होती आणि तिचा फ्लॅट होता तिसऱ्या मजल्यावर. तिथे होती गौरी, म्हणजे नात, आणि गौरीत होता अप्पांचा जीव. मग दर रविवारी पहाटे अक्कांना मारुतीत घालून अप्पा नांदेड गाठायचे, दिवसभर नातीचा घोडा व्हायचे आणि दिवस कलला की निघायचे. शोभा दर वेळी "राहा की अप्पा" म्हणायची. अप्पा दर वेळी वर छताकडे बघायचे आणि गाडीची किल्ली शोधायला लागायचे. लोह्याच्या पुढे अंधार पडायचा आणि तिथून लातूरपर्यंत मारुतीच्या दिव्यांच्या भरवशावर यावं लागे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग एका वर्षी मारुतीचे दिवे मंद झाले. निदान अप्पांचं तसं म्हणणं होतं.

अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. चाकूरजवळ एका मैलाच्या दगडाला अप्पांनी बराच वेळ हॉर्न वाजवला होता आणि "हटना गेलाय बघ, किती माजलाय" असा शेराही मारला होता. मोंढ्यात त्यांनी तळहातावर तूर घेऊन तिला सोयाबीन म्हटलं होतं, आणि आडत्याच्या तोंडून असं काही निघालं की मोंढ्यात चहा थांबतो. अक्कांनी त्यांना ओढत तपासणी शिबिरात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. "ऑपरेशन अगदी सोपं आहे, आडवं पडायचं आणि नंतर थोडे दिवस डोळा बांधून ठेवायचा," असं तिथल्या डॉक्टरांनी धीर द्यायला सांगितलं. आडवं पडायचं, स्लॅबखाली, आणि तेही डोळा बांधून! अप्पांना याहून भीतीदायक काही सांगायचं म्हटलं असतं तरी त्या भल्या माणसाला सुचलं नसतं.

"डोळे ठणठणीत हायत माझे," अप्पांनी घरी येऊन जाहीर केलं. "गाडीचे डोळे गेलेत. तेवढे बदलतो."

गाडीचे दिवे मंद राहिले, तर संध्याकाळचा प्रवास बंद. प्रवास बंद झाला, तर नांदेडला स्लॅबखाली मुक्काम, नाहीतर गौरीचं तोंड बघणं बंद. अप्पांपुढे एवढेच रस्ते होते, आणि त्यातून वाट काढायला ते नांदेडच्या एका गाड्या सजवायच्या दुकानात शिरले. तिथून त्यांनी एचआयडी दिव्यांचा डबा आणला. आमच्याकडे त्या वर्षी हे पांढरेफेक दिवे नवीनच निघाले होते. ज्यांच्या गाडीला ते असायचे, त्यांना समोरून येणारा माणूस दिसायचा आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसायचं नाही. दुकानदाराने फिटिंगचं विचारलं, तेव्हा अप्पा काय म्हणाले असतील हे सांगायला नको.

शनिवारी दुपारी शेडमध्ये फिटिंग सुरू झालं. मला बोलावणं आलं ते डब्यातला कागद वाचायला. कागद इंग्रजीत होता आणि अक्षर मुंगीएवढं.

"आधी बॅटरीची वायर काढायची," मी म्हणालो.

"ते मला म्हाईत हाय." अप्पांनी वायर काढली. जुने बल्ब काढले. मागच्या रबरी टोपणाला भोक पाडायचं होतं, ते दाभणाने पाडलं. त्या दिव्यांना प्रत्येकी एक लोखंडी डबी असते, बॅलास्ट म्हणतात तिला. तिच्याशिवाय दिवा पेटत नाही, आणि ती पत्र्याला स्क्रूने पक्की करायची असते. अप्पांनी ती सुतळीने बांधली. पोत्याचं तोंड शिवताना मारतात तशी गाठ मारली आणि सुतळीचं टोक दाताने तोडलं.

"अप्पा, तिथे गरम होतं. सुतळी जळेल."

"मोंढ्यात आग लागली तवा बी माझी सुतळी जळली नव्हती, मास्तर. फुडं वाचा."

पुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, बल्बच्या काचेला बोट लावू नका. काचेवर काहीही लागलं तर दिवा फुटतो. मी ते दोनदा वाचलं. अप्पांनी मान डोलावली, अक्कांकडून धुतलेलं फडकं मागून घेतलं आणि त्यात बल्ब अशा नाजूकपणे उचलला, की मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी या माणसाने कुणाचं ऐकलं. मग त्यांनी खिशातून विभूतीची पुडी काढली, उजव्या हाताची तीन बोटं तीत बुडवली आणि दिव्याच्या काचेवर शांतपणे तीन पट्टे ओढले.

मी ओरडलोच. "अहो, आत्ता काय वाचलं मी!"

"बोट लावू नका म्हनलं. विभूती लावू नका म्हनलंय का कुठं?"

"मग बाहेरच्या काचेला लावा ना, पूजाच करायची तर!"

अप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाहेरची काच म्हंजे टोपी हाय, मास्तर. दिवा आत हाय. कपाळ सोडून टोपीला विभूती लावतेत का कुनी?"

या युक्तिवादाला उत्तर द्यायला फिजिक्सच्या सरांनाही क्लास बुडवावा लागला असता. दुसऱ्या बल्बलाही तसेच पट्टे बसले. अक्कांनी नारळ फोडला. अंधारून आल्यावर अप्पांनी गाडी शेडच्या तोंडाशी आणून इमारतीकडे वळवली आणि बटण दाबलं. दिवे आधी निळसर फडफडले, आणि मग जो उजेड पडला तो रस्त्यावर न पडता थेट तिसऱ्या मजल्यावर पडला. खिडक्यांतून पोरांची आरडाओरड सुरू झाली. अक्का पदर डोळ्यांवर धरून भिंतीकडे वळल्या. मला नुसते हिरवे गोळे दिसत होते.

अप्पा एकटेच डोळे उघडे ठेवून समोर बघत होते. "दिसलं!" ते म्हणाले. "अगं, भिंत दिसली! पाटीवरचं अक्षर दिसायलंय!" त्यांचा आवाज कापत होता. माझी थट्टा जागच्या जागी विरघळली. तो माणूस एवढ्या अंधारात गाडी चालवत होता, हे मला त्या आवाजाने कळलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मलाही गाडीत बसवलं. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं, पण त्यांना पुढच्या सीटवर डोळे असलेला माणूस हवा होता. जाताना उजेड होता, त्यामुळे निभावलं. समोर काय आहे ते मी सांगायचं आणि ते आपल्याला आधीच दिसलं होतं असं अप्पांनी म्हणायचं, अशी कामाची वाटणी होती. नांदेडला गौरीने त्यांच्या पाठीवर बसून सगळं घर पालथं घातलं. दिवस कलला, शोभा "राहा की" म्हणाली, अप्पांनी छताकडे पाहिलं आणि किल्ली शोधली.

लोह्याच्या पुढे दिवे लावले, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाने आमच्या घराण्याचा उद्धार सुरू केला. ट्रकवाले दिवे उघडमिट करून आणि वर खिडकीतून डोकं काढून बोलत होते. "लोकांला बगवंना गेलंय," अप्पा खुशीत म्हणाले. तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि उजवा दिवा गेला. तो विभूतीने गेला की सुतळीने, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. उरलेल्या एका दिव्याच्या झगझगाटात मला रस्त्याच्या मधोमध एक माणूस दिसला. सायकल हातात धरून तो जागच्या जागी थिजून उभा होता.

"अप्पा, माणूस!"

"कुठंय?"

"समोर! ब्रेक मारा!"

अप्पांनी ब्रेक मारला. गाडी तिरकी होऊन खडीत घुसली आणि सायकलच्या चाकाजवळ थांबली. त्या माणसाने सायकल सोडून दिली होती. हॅंडलला अडकवलेला कल्हईचा भाता आणि दोन पातेली रस्त्यावर पडली होती आणि तो दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून उभा होता. बाजारातून भांड्यांना कल्हई करून परत चाललेला, अप्पांच्याच वयाचा दाढीवाला गृहस्थ.

"क्या बत्ती लगाए, चाचा? अंधा कर दिये मेरेकू! रस्ता किधर, खड्डा किधर, कुछ नई दिखरा. हिलूं तो हिलूं किधर?"

अप्पा खाली उतरले. त्याचा दंड धरून त्यांनी त्याला कडेला नेलं, अक्कांनी पाणी दिलं. माणूस जागचा का हलला नाही, हे अप्पांना कळलं होतं. आमच्याच उजेडाने त्याला खिळवलं होतं. त्यांनी त्याच्यापुढे हात धरला. "आता दिसायलंय का? किती बोटं हायत सांगा."

त्याने डोळे चोळत बरोबर सांगितलं. पण त्याचा राग उतरला नव्हता. गाडी अगदी अंगावर येईपर्यंत चालवणाऱ्याला आपण दिसलो नाही, हे त्यानेही ओळखलं होतं. त्याने आपला काळवंडलेला हात अप्पांच्या तोंडापुढे धरला. "अब तुम बोलो. ये कित्ते हैं?"

अप्पा बघत राहिले. गाडीचा एक दिवा अजून पेटलेला होता आणि तो हात त्या उजेडातच होता. मला बोटं स्वच्छ दिसत होती. अप्पांनी मान पुढे केली, मागे घेतली. मग त्यांनी आपला हात पुढे करून त्या माणसाची बोटं एकेक चाचपून मोजली, आणि आकडा सांगितला. कल्हईवाल्याने आपली पातेली गोळा केली. "आँखां दिखाव चाचा," एवढंच तो हळूच म्हणाला आणि सायकल धरून पायी निघून गेला.

तिथून लातूर गाठण्याची कुणाची हिंमत नव्हती. अक्का पुढे चालत, मी कडेला बघत, असे आम्ही गाडी वळवून सरपटत मागे लोह्यात आलो. तिथून फोन केल्यावर शोभाचा नवरा येऊन आम्हाला नांदेडला घेऊन गेला. ती रात्र अप्पांनी इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत गाडीतच काढली. सकाळी चहा घेता घेता ते अक्कांना म्हणाले, "डोळे दाखवू."

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून तारीख दिली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि अत्यंत अदबीने विचारलं, "साहेब, हे घरी न्हाई का होत? आपलं शेड हाय. मशीन न्यायला मी टेम्पो लावतो."

"घरी नाही होत, अप्पा," डॉक्टर हसून म्हणाले.

"ऐकलाव का?" अक्का म्हणाल्या. "जगात एक तरी काम घरी न होनारं निघालं!"

ऑपरेशनच्या दिवशी मी गेलो होतो. ऑपरेशनची खोली तळमजल्यावर होती आणि तिच्यावर आणखी दोन मजले होते. अप्पांनी ते दोनदा विचारून घेतलं. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती. "दार उघडं ठेवा म्हनावं," ते शोभाला सांगत होते. दार उघडं ठेवता येत नव्हतं. पोती शिवणारा तो भला दांडगा माणूस लहान मुलासारखा मागे बघत बघत आत गेला.

डोळा बांधलेला असताना प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे मुक्काम शोभाकडेच पडला. फ्लॅट सगळ्यांत वरच्या मजल्यावर असल्याने त्याच्या गॅलरीवर आभाळ होतं. अप्पांनी तिथे खाट टाकून घेतली. वाऱ्याने डोळ्याला त्रास होईल म्हणून शोभा रागावली, तेव्हा पाय आत आणि डोकं गॅलरीत अशी तडजोड झाली. गौरीने यावर स्वतःचा उपाय काढला. आजोबांच्या खिशातली सुतळी घेऊन तिने एक टोक खाटेच्या पायाला बांधलं आणि दुसरं आपल्या मनगटाला. "हललं की मला कळतंय. मी उठवते तुम्हाला," तिने त्यांना सांगून ठेवलं. या व्यवस्थेत अप्पांना काहीही खोट दिसली नाही. डबल लोखंडाच्या स्लॅबवर ज्याचा विश्वास बसला नव्हता, त्याचा त्या सुतळीवर बसला. पुढे दुसरा डोळाही झाला.

एचआयडीचे दिवे अप्पांनी काढून टाकले आणि जुने पिवळे बल्ब बसवले, अर्थात घरीच. या वेळी विभूती बाहेरच्या काचेला लावली आणि आपलं आधीपासून हेच म्हणणं होतं, असं मला ऐकवलं. लातुरात ते अजूनही शेडमध्येच झोपत. पुढे माझी बदली झाली आणि मी ती खोली सोडली.

त्यानंतर अप्पांना मी एकदाच पाहिलं. पेपर तपासायला नांदेडला गेलो होतो, रविवार होता, म्हणून संध्याकाळी शोभाकडे डोकावलो. लोडशेडिंगची वेळ होती. खाट आता भिंतीला लागून पुरती खोलीत आली होती. फक्त खाटेशेजारी त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून तयार ठेवलेल्या होत्या. अप्पा खिडकीच्या उरल्यासुरल्या उजेडात गौरीच्या दप्तराचा बंद शिवत होते. "नवीन घेऊन देते म्हटलं तर ऐकत नाहीत," शोभा म्हणाली. "घरीच होतंय की," अप्पांनी वर न बघता उत्तर दिलं.

"आजोबा, बॅटरी आणू का?" गौरीने विचारलं.

"राहू दे. दिसायलंय मला." आणि त्यांनी पहिल्याच प्रयत्नात दाभणात सुतळी ओवली. बंद मात्र त्यांनी उलटा शिवला.

जेवणं झाली. अक्का सवयीने पिशवी आवरायला लागल्या. "निघायचं न्हवं?"

"आता अंधारात कुठं निघायलीस?" अप्पा म्हणाले. "सकाळी जाऊ."

ते खाटेवर आडवे झाले, स्लॅबच्या बरोबर खाली, उताणे. गौरीने सुतळी मनगटाला गुंडाळली आणि खाली आपल्या अंथरुणावर बसली. मी सगळ्यांचा निरोप घेऊन निघालो. अप्पांचा निरोप घ्यायचा राहिला, कारण तोवर त्यांचा डोळा लागला होता. दुसरा मजला उतरेपर्यंत मला त्यांचं घोरणं ऐकू येत होतं.